तपासलेल्या वह्या, न वाचलेले शेरे

शिक्षकांचे प्रश्न : वाचकांची पत्रे आणि उत्तरे

या वेळच्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आली आहे : एवढं करूनही वर्ग मनासारखा होत नाही. पत्रं थोडक्यात दिली आहेत. नावं आणि गावं गाळली आहेत.

पाचवीचा वर्ग, पट ३८. मराठी, गणित आणि परिसर अभ्यासाच्या वह्या रोज ओळ न् ओळ तपासते. शाळेत होत नाहीत म्हणून घरी नेते. तरी त्याच चुका पुढच्या पानावर हजर. केंद्रप्रमुखांना लाल शाई नसलेलं पान चालत नाही. तपासणं कमी केलं तर कामचुकार ठरेन अशी भीती वाटते.
– शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा

बाई, आधी हिशोब मांडू. ३८ मुलं, तीन वह्या, म्हणजे ११४ वह्या. एकेका वहीला दोनच मिनिटं दिली तरी २२८ मिनिटं, पावणेचार तासांहून जास्त. एवढा वेळ शाळेच्या दिवसात नसतोच, म्हणून वही घरी जाते. आणि दोन मिनिटांत होतं काय? चुकीवर गोल, पानाखाली सही. चूक कशी झाली हे शोधायला दोन मिनिटं पुरत नाहीत.

एक उदाहरण घ्या. ५०३ वजा २६७ याचं उत्तर मुलाने ३६४ लिहिलंय. तुम्ही फुली मारता, बरोबर उत्तर २३६ लिहिता. पण हा निष्काळजीपणा नाही. त्या मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय : सातातून तीन, सहातून शून्य, पाचातून दोन. त्याचा स्वतःचा नियम आहे आणि तो तो इमानदारीने पाळतोय. फुलीने नियम बदलत नाही. दशकाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घेऊन त्याच्याबरोबर पाच मिनिटं बसलात तर बदलतो. तुमचे ते पावणेचार तास या पाच मिनिटांना जागाच ठेवत नाहीत.

मग असं करून पाहा. आठवड्याला एकच विषय खोलात तपासायचा. रोज सात-आठ वह्या, प्रत्येकीला चार मिनिटं, म्हणजे अर्ध्या तासाचं काम. पाच दिवसांत वर्ग पूर्ण होतो, तीन आठवड्यांत तिन्ही विषयांची फेरी. त्या आठवड्यात बाकीच्या दोन विषयांचं काम वर्गातच आटपा. गणिताची उत्तरं फळ्यावर लिहा, मुलं पेन्सिलीने आपापली खूण करतील. मग विचारा, तिसरं कोणाकोणाचं चुकलं? दहाहून जास्त हात वर आले तर ते गणित पुन्हा शिकवायला हवं, वही तपासून काही हाती लागणार नाही. तीन-चारच हात आले तर तेवढ्यांना मधल्या सुट्टीआधी जवळ बोलवा. मुलं खोटी खूण करतील ही शंका रास्त आहे. चुकीसाठी वर्गात बोलणी बसत असतील तर नक्की करतील.

मराठीच्या वहीत आठवड्याला एकाच जातीची चूक धरा. समजा, शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ : मी, पाणी, कवी, गुरू. ‘आणि’ हा अपवाद तेवढा सांगून ठेवा. त्या आठवड्यात जोडाक्षरं, अनुस्वार, विरामचिन्हं चुकली तरी पेन उचलायचं नाही. हाताला सवय नसल्याने पहिले काही दिवस जड जातं. पण पानभर लाल केलेल्या वहीचा एक परिणाम ठरलेला : मूल पुढच्या वेळी तीनच वाक्यं लिहितं, तीही येणाऱ्याच शब्दांची. चुका कमी दिसतात आणि आपल्याला वाटतं, सुधारला.

शेऱ्याबद्दल. रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला एक अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. नुसता शेरा मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं आणि गोडीही टिकली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेली मुलं मात्र नुसते गुण मिळालेल्यांसारखीच वागली. आकडा दिसला की शेरा कोणी वाचत नाही. म्हणून खोलात तपासलेल्या वहीवर आकडा नको, ‘छान’ नको, ‘सुधारणा आवश्यक’ तर नकोच. “दशक उसना घेतलास, पण दशकाच्या घरातून एक कमी केला नाहीस. खालची दोन उदाहरणं करून दाखव,” हा शेरा. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाची आठ मिनिटं त्या सात-आठ मुलांना ही उदाहरणं करायला द्या. ती आठ मिनिटं निघत नसतील तर शेरा लिहिण्याचे कष्टही घेऊ नका.

राहिले केंद्रप्रमुख. तपासणीची पद्धत अर्ध्या पानात लिहा, मुख्याध्यापकांची सही घ्या आणि भेटीच्या आधी त्यांच्या हाती द्या. भेटीनंतर दिलेला कागद सबब वाटतो. तरीही प्रत्येक पानावर लाल हवंच असेल तर सही-तारीख टाका, पाच सेकंदांचं काम आहे. फक्त त्याला तपासणी समजू नका.

तिसरीला २६ मुलं. चार जणांना अजून शब्द वाचता येत नाहीत. त्यांच्यापाशी थांबले तर पाठ मागे पडतात, पाठ घेतले तर ही मुलं मागे पडतात. वर्ष वाया चाललंय असं वाटतं.
– शिक्षिका, अनुदानित प्राथमिक शाळा

‘शब्द वाचता येत नाहीत’ याहून नेमकं कळायला हवं. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणात वापरतात ती चार पायऱ्यांची वाचन चाचणी घ्या : अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून. मूल तो वाक्यांत, तीनपेक्षा जास्त चुका न करता वाचत असेल तर गोष्ट द्या, नसेल तर खाली शब्दांवर या. पाचांतले चार शब्द बरोबर आले तर ते शब्दाच्या पायरीवर. तेही नाही जमले तर अक्षरं. एका मुलाला तीन-चार मिनिटं लागतात, म्हणजे तीन दिवसांत वर्ग होतो. दोन गोष्टी सांभाळा. उतारा पाठ्यपुस्तकातला नको, मुलांना तो पाठ असतो. आणि चाचणी व्हरांड्यात एकेकट्याने घ्या, वर्गासमोर नको.

मग रोज ४५ मिनिटं पायरीप्रमाणे गट. अक्षराच्या गटाला वर्णमालेच्या क्रमाने नेऊ नका, त्यात ङ आणि ञ लवकर येतात, शब्द मात्र उशिरा. क, म, न, ब अशी चार अक्षरं आणि काना एवढ्यावर कान, नाक, काम, मान, बाबा, काका, मामा, नाना हे शब्द पहिल्याच दिवशी वाचून होतात. दर तीन-चार दिवसांनी दोन अक्षरं आणि मग एक मात्रा वाढवा. याच वेळी परिच्छेदवाल्यांना कामाला लावा : जोडीने वाचन, वाचलेल्यावर प्रश्न काढणं. पाठ्यपुस्तकाचा पाठ मात्र सगळ्यांना एकत्र, तुम्ही मोठ्याने वाचून दाखवायचा. ज्याला वाचता येत नाही त्याला समजतही नाही, असं धरून चालणं ही या कामातली सर्वांत महाग चूक आहे.

यश कसं मोजायचं? केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं तिसरीअखेरचं लक्ष्य मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थ समजून, असं आहे. ते दिशा म्हणून भिंतीवर असू द्या. तुमच्या वहीत मात्र पायऱ्या मोजा. अक्षरावर असलेल्या चौघांपैकी दोघं मार्चपर्यंत परिच्छेदावर आले, एक शब्दावर आला, एक तिथेच राहिला. म्हणजे एकूण पाच पायऱ्या चढल्या. प्रगतिपत्रकात हे चौघं कदाचित ‘क-२’ किंवा ‘ड’ मध्येच दिसतील, कारण श्रेणी मूल कुठे आहे एवढंच सांगते, कुठून आलं ते सांगत नाही. दर महिन्याच्या शेवटी दहा मिनिटांत होणारा हा तक्ता वर्षअखेर मुख्याध्यापकांपुढे ठेवता येतो.

जागचा न हललेला चौथा मुलगा तुमचं अपयश ठरवण्याआधी तीन गोष्टी पाहा. हजेरी किती? डोळे-कान तपासलेत का? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा या मुलाचं नाव आधी सांगून ठेवा. आणि घरची भाषा कोणती? कोरकू, गोंडी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाची अडचण वाचनाची नसून मराठीची असू शकते. अध्ययन अक्षमतेची शंका आली तर स्वतः निदान करू नका, गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना कळवा.

बीड जिल्ह्यातली शाळा. पटावर ३१, त्यातली नऊ मुलं दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात ती मार्च-एप्रिलात परततात. माझा वर्ग शंभर टक्के प्रगत कधीच होणार नाही. मग झटायचं कशासाठी?
– शिक्षक

सर, नऊ मुलं चार-पाच महिने वर्गात नाहीत आणि मोजमाप ३१ जणांचं, हे गणित कोणीही शिक्षक सोडवू शकत नाही. मोजमाप वेगळं करा. या नऊ जणांसाठी ‘जून ते दिवाळी’ हेच वर्ष धरा. साधारण साडेचार महिने मिळतात. त्यांच्या वाटचं भाषा-गणिताचं गाभ्याचं काम आधी घ्या, प्रकल्प आणि सुशोभन नंतर.

दसऱ्याला पालकांना विचारून यादी पक्की करा. आजी-आजोबा गावात असतील तर मूल मागे राहू शकतं का ते पाहा. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीकडून वेळेत जायला हवा, मुलं गेल्यावर पाठवून उपयोग नाही. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड (ते दाखवून दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं) द्या आणि त्यासोबत एका कागदावर त्याची पायरी : काय वाचतो, कोणती क्रिया येते, पुढे काय घ्यायचं. कारखान्याजवळच्या शाळेतल्या शिक्षकाला या कागदाचा कार्डाहून जास्त उपयोग होतो. मूल परतल्यावर पहिले दहा दिवस चालू पाठ नको. पुन्हा पायरी तपासा, तिथूनच धरा. जाताना होता त्याच पायरीवर परत आला तर तेही यशात लिहा. एवढ्या काळात मुलं बरंच विसरतात.

पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला आदिवासी मुलांसाठी शाळा चालवणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यापुढे गुरं राखणारी मुलं होती. ती शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी कुरणशाळा काढली. मुलं तिथे गुरं राखता राखता शिकत. हजेरीपट सुंदर ठेवण्याचा हट्ट धरला असता तर ती मुलं शाळाबाह्यच राहिली असती.

नुकतीच नोकरी लागली. पाठाचं टाचण मिनिटामिनिटाचं काढतो, पण वर्गात ते कोलमडतं. परवा एकाने विचारलं, चंद्र दिवसा का दिसतो? मला सांगता आलं नाही, विषय बदलला. मुलांच्या नजरेतून उतरलो असं वाटतंय.
– शिक्षण सेवक

विषय बदललात हे मुलांनी टिपलं असणार. उत्तर न येणं त्यांनी मनावर घेतलं नसतं.

फळ्याचा उजवा कोपरा ‘शोधायचे प्रश्न’ म्हणून राखून ठेवा. उत्तर आलं नाही की प्रश्न तिथे, विचारणाऱ्याच्या नावासकट. दोन दिवसांत उत्तर आलंच पाहिजे. हा कोपरा आठ-आठ दिवस तसाच राहिला तर त्याची थट्टा होते. तुमच्या चंद्राचं उत्तर : चंद्र जवळपास अर्धा वेळ दिवसाच क्षितिजाच्या वर असतो आणि निळ्या आकाशातही दिसण्याइतका उजळ असतो. अष्टमीच्या सुमारास मुलांना बाहेर नेऊन दाखवा, वद्य अष्टमीला सकाळी, शुद्ध अष्टमीला दुपारनंतर. काही चुकीचं शिकवलं गेलं तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर ते चुकीचं वाक्य लिहून, खोडून दुरुस्त करा. तोंडी सांगितलेली दुरुस्ती वहीपर्यंत पोचत नाही.

टाचणाचं म्हणाल तर ३५ मिनिटांच्या तासिकेत ३५ मिनिटांचं काम भरणं हीच चूक. हजेरी, वह्या काढणं, एखाद्याचं पोट दुखणं यात सात-आठ मिनिटं जातात. २२ मिनिटांचं योजा. टाचणाच्या माथ्यावर एक वाक्य : तास संपताना मुलाला काय करून दाखवता आलं पाहिजे. त्याखाली तीन प्रश्न. बाकीचं हुकलं तर हुकू द्या.

आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण तपासलं तेव्हा शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असं दिसलं. थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांब झाली आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. तीन सेकंद वर्गात फार मोठे वाटतात. मनात ‘एक, दोन, तीन’ म्हणा.

आमच्या शाळेचा दहावीचा निकाल सलग काही वर्षं शंभर टक्के. या वर्षी माझ्या विषयात दोन मुलं जाणार, हे आताच दिसतंय. मुख्याध्यापक म्हणतात, त्यांना सतरा नंबरने बसवू.
– माध्यमिक शिक्षक

इथे मवाळ बोलण्यात अर्थ नाही. सतरा नंबरचा अर्ज शाळा सुटलेल्यांना खासगीरीत्या परीक्षेला बसता यावं म्हणून आहे. शाळेत नियमित येणाऱ्या मुलाला तिकडे ढकलून राखलेला शंभर टक्के निकाल हा निकालच नव्हे. लेखी सांगा की तुमची याला संमती नाही.

आता त्या दोघांचं. तुमचा विषय ८० लेखी आणि २० अंतर्गत असा असेल तर उत्तीर्ण व्हायला एकूण ३५ लागतात. सराव परीक्षेचा पेपर घेऊन प्रश्ननिहाय गुण मांडा : कुठले प्रश्न सोडलेच, कुठे अर्धवट लिहिलं, कुठे चुकलं. बऱ्याचदा सोडून दिलेले प्रश्नच सर्वांत जास्त निघतात. चार प्रकरणं निवडा आणि आठवड्यातून तीनदा ३० मिनिटं तेवढंच घ्या. अख्खा अभ्यासक्रम पुन्हा घेतला तर हाती काहीच उरणार नाही. एखाद-दोन विषय गेलेच तर एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळू शकतो आणि पुरवणी परीक्षा आहेच, हे मुलाला आणि पालकांना निकालाआधी सांगून ठेवा. निकालाच्या दिवशी सांगितलेलं कानावर पडत नाही.

फलकावर लावायला आकडा हवाच असेल तर हा लावा : नववीत दाखल झालेल्यांपैकी किती जण दहावी उत्तीर्ण होऊन बाहेर पडले.

वर्णनात्मक नोंदी सगळे शिक्षक तयार पुस्तिकेतून उतरवतात. सुबक असतात, पण कोणत्याही मुलाला चालतील अशा. काय करावं?
– मुख्याध्यापिका

बाई, तुम्ही सुबकपणा मागताय तोवर पुस्तिकाच चालणार. ‘वाचनाची आवड आहे, उपक्रमात सहभाग घेतो’ ही नोंद नावं बदलून वर्गभर चालते. ‘गोष्ट सांगताना शेवट स्वतःच्या मनाने बदलला, जोडाक्षर आलं की थांबतो’ ही एकाच मुलाची. रोज पाच मुलं, प्रत्येकी एक ओळ, खिशातल्या वहीत, खाडाखोड चालेल. ३५च्या पटाला सात दिवसांत फेरी होते. सत्राअखेर त्यातूनच नोंद निघते. पहिली-दुसरीला आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाला ७०, संकलित (सत्राअखेरच्या) मूल्यमापनाला ३० असा भार याच निरीक्षणांसाठी दिला आहे. तुम्ही सही करण्याआधी एकच परीक्षा घ्या : नाव झाकून नोंद वाचा, मूल ओळखू आलं तर सही.

रात्री बारापर्यंत काम. अंथरुणावर पडल्यावर दिवसभराच्या चुका आठवतात. मुलांवरही ओरडायला लागले आहे.
– शिक्षिका, इंग्रजी माध्यम

पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९१मध्ये बिनचूकपणाच्या अट्टाहासाचे तीन प्रकार मांडले : स्वतःकडून स्वतःची अपेक्षा, आपली इतरांकडून, आणि इतर आपल्याकडून करतात असं आपल्याला वाटणारी. तुमच्या पत्रात तिसरा प्रकार पानभर आहे आणि दुसरा शेवटच्या वाक्यात. ओरडणं तिथून येतं.

शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचा आठवडा पूर्वतयारी धरून ४५ तासांचा आहे. आठवडाभर आपले तास लिहा. ४५च्या वर जे जातं त्यातलं तक्ते, फलक, स्नेहसंमेलनाची सजावट आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायचे फोटो किती, ते वेगळं करा. कात्री तिथे लावायची, तयारीला नाही. झोप दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल तर तक्त्यांनी भागणार नाही, डॉक्टरांना भेटा. टेली-मानसची १४४१६ ही मोफत सरकारी हेल्पलाइन रात्रीही चालू असते.

मुलगी दुसरीत. अक्षर जरा वाकडं आलं की खोडते, कागद फाटेपर्यंत. बाई पान पुन्हा लिहायला लावतात.
– आई

घरी खोडरबर बाजूला ठेवा. चुकलं की एक आडवी रेघ मारून पुढे लिहायचं, हा नियम तुम्हीही किराण्याची यादी लिहिताना तिच्यासमोर पाळा. लिहून झाल्यावर तिलाच सर्वांत चांगली उतरलेली तीन अक्षरं निवडून गोल करू द्या. चुकलेली शोधायला सांगू नका, ती तिला पाठ आहेत. पेन्सिल फार दाबून धरत असेल तर जाड, तिकोनी पेन्सिल आणून पाहा. बाईंना भेटून एवढंच सुचवा की पूर्ण पानाऐवजी दोन ओळी पुन्हा लिहून घेतल्या तर चालेल का. शाळा सुटायच्या वेळी फाटकात विचारू नका, वेळ घेऊन जा.